सनमायका रंग पीत नाही: मुलांच्या खोलीसाठी जुनं कपाट रंगवताना

लेकीचं वेळापत्रक कपाटाच्या दारावर साध्या सेलोटेपने चिकटवलं होतं. महिन्याभराने शाळेने नवं वेळापत्रक दिलं म्हणून जुनं ओढून काढलं, तर टेपबरोबर रंगाचा वीतभर पापुद्रा सोलून आला. फिका पोपटी रंग हातात, आणि दारावर सासूबाईंच्या काळातला तपकिरी सनमायका जसाच्या तसा चकाकतोय. दोन रविवार घालवून मी ते कपाट रंगवलं होतं. तिसरा रविवार तो रंग सोलण्यात गेला. इतका सहज निघत होता की लेकीने शेजारच्या दोन पोरांनाही सोलायला बोलावलं.

सोलापूरच्या पूर्वभागातले एक पेंटर मामा तेव्हा आमच्या वरच्या मजल्यावर कामाला होते. त्यांना दाखवलं. त्यांनी दारावर नखाने टिचकी मारली आणि म्हणाले, "ताई, लाकूड रंग पितंय. हे काय पिईना. वरच्यावर बसलंय नुसतं."

या लेखातली प्रत्येक पायरी त्या वाक्यातून निघते. दुसऱ्यांदा रंगवलं तेव्हा मामांनी सांगितल्याप्रमाणे केलं. त्याला आता तीन वर्षं झाली. दारांवर स्टिकर लागले, निघाले, सायकलचं हँडल दोनदा आपटलं, पण रंग जागेवर आहे. तुम्ही आयुष्यात ब्रश हातात धरला नसेल तरी हे काम जमेल. फक्त एका दिवसात उरकायचं असेल तर सुरूच करू नका.

आधी, सनमायका म्हणजे काय

सनमायका हे मुळात एका ब्रँडचं नाव, पण आपल्याकडे लॅमिनेटला सगळे तेच म्हणतात. क्राफ्ट कागदाचे थर फिनॉलिक रेझिनमध्ये भिजवतात, त्यावर रंगाचा किंवा लाकडी रेषांचा एक नक्षीचा कागद मेलामाइन रेझिनमध्ये भिजवून ठेवतात आणि उष्णता व दाब देऊन सगळं एकजीव करतात. जाडी साधारण एक मिलीमीटर. मग हा पत्रा प्लायवर किंवा भुशाच्या बोर्डावर चिकटवला जातो. चहा सांडला, शाई सांडली तरी आत मुरू नये म्हणूनच तो असा बनवलेला असतो. ज्या गुणासाठी आपण तो विकत घेतला, तोच गुण आता रंगाच्या आड येतो.

म्हणून रंग लावण्याआधी त्याच्यावरचं तेल पूर्ण काढायचं, चकाकी मोडायची, आणि मग गुळगुळीत पृष्ठभागाला धरून बसणारा प्रायमर लावायचा. यातलं एक जरी सुटलं तरी सेलोटेप तुम्हाला ते दाखवून देईल.

कपाट रंगवण्याच्या लायकीचं आहे का?

बोटाच्या पेराने सगळीकडे टकटक करून बघा. पोकळ आवाज आला तिथे सनमायका बोर्डापासून सुटलाय. कडेला सुटला असेल तर पातीने हळूच उचलून आत फेव्हिकॉल सरकवा, बाहेर आलेला पुसा, वर सपाट फळी ठेवा आणि भार द्या. आमच्याकडे मालदांडी ज्वारीचं अर्धं पोतं होतं, ते रात्रभर ठेवलं. दरवर्षी ज्वारी भरून ठेवणाऱ्या घरात वजनाला तोटा नसतो. मधोमध मोठा फुगा असेल तर सुताराला बोलवा, तो घरचा उद्योग नाही.

मग खालच्या चार इंचांकडे बघा. फरशी पुसताना पाणी तिथे लागतं. भुशाचा बोर्ड एकदा पाणी पिऊन फुगला की परत बसत नाही. कितीही घासा, रंगाखालून ती सूज दिसतेच. थोडी असेल तर खाली लाकडी पट्टी मारून झाकता येते. तळ बोटाने दाबल्यावर भुगा होत असेल तर ते कपाट भंगारात द्या. रंग लावून लेकराच्या खोलीत उभं करू नका.

आणखी एक बघायचं. कपाटावर आधीच कुणी ऑइल पेंट मारलेला आहे का? भारतात घरगुती रंगांतलं शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाखात ९० भागांच्या) वर चालत नाही, हा नियम २०१६ मध्ये निघाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं. तो कोरडा घासला की धूळ उडते, फरशीवर बसते आणि रांगणाऱ्या बाळाच्या हातातून तोंडात जाते. असा जुना रंग असेल तर कोरडं घासणं पूर्ण टाळा. तेवढ्यासाठी मी नवं कपाट बघेन. नुसत्या सनमायक्याला ही भीती नाही.

सामान

दुकानात गेल्यावर "लाकडाचा प्रायमर" मागितलात तर पांढरा किंवा गुलाबी वूड प्रायमर हातात येईल. तो लाकडात मुरण्यासाठी असतो. पहिल्यांदा मी तोच आणला होता. दुकानदाराला सरळ विचारा: सनमायक्यावर, टाइलवर, काचेवर बसणारा प्रायमर आहे का? त्याला बाँडिंग प्रायमर किंवा अ‍ॅडहिजन प्रायमर म्हणतात. डबा उलटून त्यावर लॅमिनेटचा उल्लेख आहे का ते वाचा. नसेल तर दुसरं दुकान बघा. "चालतंय की ओ" यावर जाऊ नका.

रंग पाण्याचा एनॅमल घ्या, सॅटिन फिनिशचा. ऑइल पेंट टणक असतो हे खरं, पण त्याचा वास खोलीत दिवसेंदिवस राहतो आणि पांढरा ऑइल पेंट अंधाऱ्या जागी, म्हणजे नेमका कपाटाच्या आत, काही वर्षांत पिवळा पडतो. पीयू (पॉलियुरेथेन) सर्वात टिकाऊ, पण त्याच्या हार्डनरची वाफ श्वसनाला घातक असते; ते काम नीट मास्क घालून आपल्या शेडमध्ये करणाऱ्या पेंटरचं. मुलं असलेल्या घरात तो फवारू नये. डब्यावर शिशाविषयीची ओळ छापलेली असते, ती बघूनच घ्या. माळ्यावर पडलेला, तारीख पुसलेला जुना डबा या कामाला नको.

किती लागेल? माझं कपाट ६ फूट उंच, ३ फूट रुंद, दीड फूट खोल. पुढची बाजू १८ चौरस फूट, दोन्ही कडा मिळून १८, म्हणजे ३६. शिवाय छोट्या टेबलाचे पाय आणि बाजू, दहाएक. दारांची आतली बाजू यात धरलेली नाही. एका हाताला, म्हणजे एका थराला, लिटरमध्ये साधारण १०० चौरस फूट धरले, तर दोन हातांना एक लिटर रंग आणि एका हाताला अर्धा लिटर प्रायमर. डब्यावर यापेक्षा मोठा आकडा असतो, पण नवशिक्याच्या हाताला रंग जास्त लागतो.

बाकीचं: पॉलिश पेपर १८०, २२० आणि ३२० नंबरचे, चार-चार. चार इंची बारीक रोलर, शक्यतो आखूड लवेचा. दीड इंची ब्रश, पण सिंथेटिक केसांचा. जनावराच्या केसांचा ब्रश पाण्याच्या रंगात फुगून लुळा पडतो. मास्किंग टेप, पुट्टीची पात, थोडी लाकडाची लांबी (भोकं-टवके भरायची पुट्टी), भांडी घासायचा लिक्विड साबण, औषधाच्या दुकानातलं स्पिरिट, धुळीचा मास्क.

सोलापुरात कधी रंगवावं

गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या, यात्रेच्या आसपासचे दिवस सगळ्यात चांगले, म्हणजे संक्रांतीपासून फेब्रुवारी संपेपर्यंत. हवा कोरडी, ऊन सोसण्यासारखं, रंग आपल्या गतीने वाळतो.

उन्हाळी सुट्टीत करायचं बहुतेकांच्या मनात असतं, कारण पोरं मामाच्या गावाला जातात. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या पुढे असतो. दुपारी रंग लावला तर तो पसरायच्या आत वरून साय धरतो, रोलर ओढला की चिकटतो, रेघा राहतात. तेव्हा सकाळी साडेसहाला सुरू करून नऊच्या आत आवरायचं. गच्चीवर उन्हात दारं पसरू नका, खोलीतच, सावलीत. पंखा थेट रंगावर सोडायचा नाही, तो धूळ आणून बसवतो. डब्यावर सांगितलंय तेवढंच पाणी मिसळा, जास्त नाही. आणि मेमध्ये संध्याकाळी वळवाच्या आधी जी वावटळ उठते तिचा नेम नसतो, खिडक्यांकडे लक्ष ठेवा.

आपल्याकडे पाऊस तसा बेताचाच, पण सप्टेंबरात तो दमट करून सोडतो. तेव्हा दोन हातांमधलं अंतर दुप्पट ठेवा.

दिवस पहिला: उघडणं आणि धुणं

कपाट भिंतीपासून ओढायचंय. जुनी सोलापुरी चादर चौपदरी घडी करून पुढच्या पायांखाली सरकवा आणि चादर ओढा. शहाबादी फरशीवर भरलेलं कपाटसुद्धा लोण्यासारखं सरकतं, पण कृपया रिकामं करूनच ओढा. हीच चादर नंतर खाली अंथरायला उपयोगी पडते. वर्तमानपत्र रंगाला चिकटून बसतं.

दारं, खण, हँडल सगळं काढा. प्रत्येक दाराच्या बिजागरीच्या खाचेत पेन्सिलीने नंबर लिहा: डावं वरचं १, आणि असंच पुढे. स्क्रू त्याच नंबरच्या पाकिटात. सगळी दारं सारखीच दिसतात, पण लावताना एकही दुसऱ्याच्या जागी नीट बसत नाही.

आता धुणं. माझ्या लेकीचं टेबल म्हणजे अभ्यासाचं कमी आणि खाण्याचं जास्त. शेंगा चटणीचं तेल, हाताचा घाम, क्रेयॉनचं मेण, जुन्या स्टिकरचा डिंक, असं सगळं सनमायक्यावर थरावर थर असतं आणि डोळ्यांना दिसत नाही. कोमट पाण्यात लिक्विड साबण घालून स्पंजच्या हिरव्या बाजूने घासा. हँडलभोवतीची जागा दोनदा. मग साध्या पाण्याने दोनदा पुसा, कारण साबणाचा थरही रंगाला सोडवतो. बोअरचं पाणी वापरत असाल तर शेवटचं पुसणं नळाच्या पाण्याने करा. क्षारांचा पांढुरका थर वाळल्यावर दिसतो. नळाचं पाणी जपून वापरावं लागतं, ठाऊक आहे, पण यासाठी अर्धी बादली पुरते. भुशाच्या बोर्डाच्या उघड्या कडेवर मात्र ओला स्पंज नको, पिळलेलं फडकं.

डिंकाचे डाग खोबरेल तेलाने सैल होतात, पण मग ते तेल पुन्हा साबणाने काढायचं, हे विसरलात तर बरोबर तिथेच रंग सुटणार. शेवटी फडक्यावर स्पिरिट घेऊन सगळीकडून एक हात फिरवा. खिडकी उघडी, गॅस बंद, मूल दुसऱ्या खोलीत.

कपाटाला चमक यावी म्हणून फवाऱ्याची पॉलिश मारायची सवय असेल तर जास्त घासा. त्यातल्या काहींत सिलिकोन असतं. त्याच्यावर रंग टेकत नाही. छोटे गोल खड्डे पडतात आणि रंग त्या जागेपासून अंग चोरतो.

धुऊन वाळल्यावर पाण्याचा एक थेंब टाका. तो मोत्यासारखा गोल उभा राहिला तर तेल अजून आहे. पसरट बसला तर पुढे चला.

दिवस दुसरा: चकाकी मोडणं

मामांच्या भाषेत, "त्याला दात पाडायचे." रंगाला धरायला काहीतरी खरखरीत हवं, एवढाच यामागचा हेतू. सनमायका घासून संपवायचा नाही.

डस्टरएवढ्या लाकडी ठोकळ्याला पॉलिश पेपर गुंडाळा. चकचकीत सनमायका असेल तर आधी १८०, मग २२०. मॅट असेल तर नुसता २२०. दाब मध्यम, गोल गोल हात. काही मिनिटांत पृष्ठभाग दुधाळ दिसू लागतो. खालचा तपकिरी कागद दिसायला लागला म्हणजे तुम्ही जास्त घासलंत, तिथे थांबा. कडा आणि कोपऱ्यांवर हे पटकन होतं, तिथे ठोकळा ठेवून नुसत्या बोटांनी दोन-चार फेरे.

मग खोलीत अंधार करा आणि मोबाइलचा टॉर्च पृष्ठभागाला जवळजवळ टेकवून आडवा मारा. जिथे अजून चमकतं तिथे पेपर पोचलेला नाही. मला वाटलं होतं मी पूर्ण घासलंय. टॉर्चने हँडलच्या बाजूचा तळहाताएवढा पट्टा आणि चारही कोपरे दाखवले. पहिल्या खेपेला पापुद्रा सुटला तो याच जागेवरून.

मास्क लावायला कंटाळू नका. रेझिनची ही धूळ फार बारीक असते.

धूळ पुसायला टॉवेल घेऊ नका. सोलापूरकरांच्या घरी टॉवेलांचा गठ्ठा असतो, हात तिकडेच जातो, पण टेरीचे सुटे तंतू पृष्ठभागावर राहतात आणि रंगात अडकले की केसासारखे दिसतात. जुनं, खूप धुतलेलं सुती धोतर किंवा साडीचा तुकडा सर्वात चांगला. आधी कोरड्या ब्रशने, मग ओलसर फडक्याने.

उडालेले टवके, जुन्या हँडलची भोकं, हे आता लांबीने भरा. वाळल्यावर किंचित खाली बसते म्हणून थोडी वर ठेवा, दुसऱ्या दिवशी २२० ने सपाट करा. नवं हँडल वेगळ्या मापाचं घेणार असाल तर भोकं आत्ताच भरा आणि नवी पाडा. रंगानंतर ड्रिल मारलं की कडेचा रंग उडतो.

भुशाच्या बोर्डाची कडापट्टी निघाली असेल तर तीही आत्ताच चिकटवा. उघडी कड स्पंजसारखी रंग पिते. तिथे प्रायमरचे दोन, लागले तर तीन हात द्या.

प्रायमर, आणि सेलोटेपची परीक्षा

डबा हलवू नका, काडीने तळापासून ढवळा. कोपरे आणि खाचा ब्रशने, सपाट भाग रोलरने. हात पातळ ठेवा. पहिला हात चट्टेपट्टे दिसतो, खालचा रंग डोकावतो, आणि नवशिक्याला वाटतं अजून थोडं जाड लावू. लावू नका. प्रायमरचं काम धरणं आहे, झाकणं नंतरचा रंग करतो. गडद सनमायका असेल तर चार-सहा तासांनी दुसरा पातळ हात चालेल.

आता थांबा. पूर्ण चोवीस तास.

मग प्रायमर लावलेल्या सनमायक्यावरच, कुणाला दिसणार नाही अशा जागी, ब्लेडने पाच-सहा उभ्या आणि तेवढ्याच आडव्या रेघा मारा, चौकटीच्या वहीसारख्या. त्यावर चांगली चिकट टेप दाबून बसवा आणि झटक्यात ओढा. चौकोन जागेवर राहिले तर रंगाला हात घाला. टेपबरोबर चौकोन आले तर पुढचे सगळे हात वाया जाणार आहेत, आणि ते लेकीच्या वेळापत्रकाआधी कळलेलं बरं. बहुतेक वेळा दोष धुण्यात किंवा घासण्यात असतो. सुटलेला प्रायमर काढा, तो भाग पुन्हा धुवा, पुन्हा घासा.

परीक्षा पास झाली की ३२० च्या पेपरने अगदी हलक्या हाताने एकदा फिरवा. बोटाला कुरकुरीत लागणारे कण निघून जातात. पुसून घ्या.

रंग

दारं उभी ठेवून रंगवलीत तर ओघळ येतात. दोन स्टुलांवर किंवा चार विटांवर आडवी ठेवा. आधी मागची बाजू, ती वाळली की पुढची. पुढच्या बाजूला स्टुलाचा डाग पडला तर जीव जातो.

रोलर डब्यात बुडवू नका. ताटात थोडा रंग घेऊन रोलर त्यात लोळवा, जादाचा काढा. हातभर जागा भरा, मग रोलर जवळजवळ वजन न देता एकाच दिशेने शेवटपर्यंत न्या आणि तिथून उचला. झालं, त्या जागेला परत हात लावायचा नाही. अर्धवट वाळलेल्या रंगात मागे वळून केलेली दुरुस्ती हीच सगळ्यात जास्त दिसते. बुडबुडे आले तर रोलर फार जोरात फिरतोय. माशी बसली तर बसू द्या, वाळल्यावर खरवडून काढता येते.

दोन हातांमध्ये डब्यावर दिलेला वेळ पाळा, बहुतेक रंगांना चार ते सहा तास. मधे ३२० चा हलका फेरा. फिक्या पिवळ्यासारख्या रंगाला तिसरा हात लागू शकतो, कारण तो कमी झाकतो. दुसऱ्या हातापर्यंत ब्रश धुवायची गरज नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट गुंडाळून ठेवा, पाणी वाचतं. शेवटी धुताना आधी रद्दीवर पुसून घ्या, मग दोन डब्यांत थोड्या-थोड्या पाण्यात. ते पाणी कुंडीत ओतू नका.

मास्किंग टेप शेवटचा हात पूर्ण कडक व्हायच्या आत तिरकी ओढून काढा.

काय रंगवायचं नाही तेही सांगते. खणांच्या बाजू आणि चॅनल रंगवू नका; रंगाची जाडी वाढली की खण अडकतो. बिजागऱ्या टेपने झाका. दात येणाऱ्या बाळाच्या पाळण्याचे किंवा कॉटचे कठडे घरच्या एनॅमलने रंगवू नका. ते चावलेच जातात.

आणि अभ्यासाच्या टेबलाचा वरचा भाग. यावर माझं मत ठाम आहे: रंगवू नका. कंपासचं टोक, कात्री, पाण्याची बाटली, कोपरांचा घासटा, यापुढे कुठलाही घरी लावलेला रंग वर्षभर तग धरत नाही. सुताराकडे सनमायक्याचे उरलेले तुकडे असतात. त्यातला फिका, मॅट तुकडा जुन्यावर चिकटवून घ्या आणि फक्त पाय, खण, बाजू रंगवा. रंगवायचाच हट्ट असेल तर वर पाण्याच्या पारदर्शक पीयूचे तीन पातळ हात द्या आणि लिहिताना खाली पॅड ठेवायची शिस्त लावा, जी लागणार नाही.

रंग कुठला निवडावा हे मुलालाच ठरवू द्या, पण शेडकार्डवरून नको. रंगाच्या दोन-तीन छोट्या डब्या आणून पुठ्ठ्यावर लावा आणि तो पुठ्ठा खोलीत सकाळी, दुपारी आणि ट्यूबलाइटखाली ठेवा. माझ्या लेकीने दुकानात निवडलेला जांभळा घरच्या ट्यूबखाली राखाडी दिसत होता, तो तिनेच नाकारला. सगळं कपाट एकाच भडक रंगात न घेता बाहेरून शांत रंग आणि खणांचे पुढचे भाग रंगीत ठेवले तर पाच वर्षांनी फक्त खण बदलावे लागतील. चित्रं काढायची असतील तर एक्सरे फिल्मचं स्टेन्सिल कापा. ब्रशपेक्षा स्पंजच्या तुकड्याने थोपटलं तर रंग खाली झिरपत नाही.

वाळला म्हणजे तयार झाला असं नाही

दोन तासांत बोटाला रंग लागत नाही. म्हणून लगेच दारं लावून, बंद करून, कपडे भरून मोकळे होतो. माझ्या एका मैत्रिणीने तेच केलं. दुसऱ्या दिवशी दार उघडताना चौकटीचा रंग दारासोबत आला. रंग हाताला कोरडा लागतो तेव्हा आतून अजून कच्चा असतो. दारं तीन-चार दिवस अर्धी उघडी ठेवा, लावताना मध्ये बटर पेपरचे तुकडे अडकवा, नंतर कोपऱ्यांना छोटे रबरी बटण लावा. पूर्ण टणक व्हायला दोन ते चार आठवडे जातात. तोवर ओलं फडकं नाही, जड पेट्या नाहीत, स्टिकर नाहीत, आणि सेलोटेप तर नाहीच नाही. लेकरू त्या खोलीत झोपत असेल तर वास जाईपर्यंत त्याची गादी आपल्या खोलीत टाका, खिडक्या उघड्या ठेवा.

दारं लावल्यावर कपाट भिंतीला बांधा. मुलं खण उघडून त्यावर पाय ठेवून चढतात, आणि उंच कपाट पुढे येतं. मागच्या वरच्या कडेला दोन एल अँगल, बोर्डात स्क्रू आणि भिंतीत प्लग. दहा मिनिटांचं काम आहे, आणि ड्रिल घरात आहेच.

उरलेला रंग लोणच्याच्या छोट्या बरणीत काठोकाठ भरा, झाकण घट्ट, वर शेडचा नंबर आणि तारीख. कोपरे उडणारच. आमच्याकडे खालच्या डाव्या कोपऱ्यावर आजवर चार वेळा ब्रश फिरलाय, चारही वेळा कारण एकच, ती सायकल.